कंप पोटात घालणारे लोखंड

(संस्थेच्या विज्ञान मंडळात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी ते थोड्या विस्ताराने लिहून काढले आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे बी.ए., बी.एड. ही अक्षरे आणि त्याखाली लोखंडाचा विषय पाहून आपल्यापैकी काही जणांना नवल वाटले असेल. ते साहजिकच आहे. मी शिकवतो मराठी आणि इतिहास. भट्टी, साचा, लेथ यांच्याशी माझा संबंध वाचनापुरता, आणि तोही अलीकडचा. तरीसुद्धा हा विषय मी मागून घेतला, कारण माझ्या हातून वर्गात एक चूक झाली होती आणि तिची फेड वर्गाबाहेर चार माणसांसमोर करावी असे माझ्या मनाने घेतले होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून नववीचा तास माझ्याकडे आला. धडा धातूंचा होता. मी पुस्तकातून वाचून दाखवले की, बीड हे ठिसूळ असते, त्यावर घाव बसला तर ते तुटते, त्याची तार काढता येत नाही, पत्रा ठोकता येत नाही. मग विचारले, “असे असताना यंत्रांची बुडे आणि सांगाडे बिडाचेच का करतात?” उत्तर मला ठाऊक होते, म्हणजे ठाऊक आहे असे वाटत होते. बीड स्वस्त असते आणि साच्यात ओतायला सोपे असते, हे ते उत्तर. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, बीड थरथर खातं.”

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, “बीड काय जेवायला बसतं का रे?” वर्ग आणखी हसला. मुलगा खाली बसला. त्यानंतर वर्षभरात त्याने माझ्या कोणत्याही तासाला हात वर केला नाही.

मित्रहो, त्या मुलाचे उत्तर बरोबर होते. माझे उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे मला पुढे साकीनाक्याच्या एका गाळ्यात उभे राहून शिकावे लागले. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

एक सोपा प्रयोग

आपल्याकडील कितीतरी शाळांत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असतो. शिपाई त्यावर टोला मारतो आणि नाद गल्लीच्या टोकापर्यंत जातो. हातोडी बाजूला झाल्यावरही तो घुमत राहतो. रूळ हा पोलादाचा असतो. आता घरी जा आणि आईच्या परवानगीने बिडाचा तवा दोरीला टांगून त्यावर पळीने टोला द्या. ‘टण्ण’ असा लांबणारा नाद येणार नाही. ‘टक्’ असा बसका आवाज येईल आणि लगेच विरून जाईल. तवा बिडाचा आहे की नुसत्या लोखंडी पत्र्याचा आहे, हे जुन्या बायका असाच वाजवून ओळखतात. शाळेत रुळाऐवजी बिडाचा तुकडा टांगला, तर मधली सुट्टी संपल्याचे मागच्या मैदानातल्या मुलांना कधी कळायचेच नाही. काहींना ते आवडेलही!

हा फरक का पडतो, हा आपला आजचा प्रश्न. टोला मारला की धातू थरथरतो, म्हणजे त्याचे कण आपल्या जागी पुढेमागे झुलू लागतात. ही थरथर हवेला ढकलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. झुलणाऱ्या पाळण्याला धक्का देणे थांबवले तरी तो काही वेळ झुलत राहतो, तशीच ही थरथरही चालू राहते. पाळणा किती वेळात थांबेल हे त्याच्या कड्या किती घासतात यावर अवलंबून असते. धातूच्या पोटातही असेच घर्षण असते. थरथरीची शक्ती त्या घर्षणात खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. या गुणाला शास्त्राच्या पुस्तकात अवमंदन म्हणतात. पोलादाच्या कड्या जणू तेल घातलेल्या असतात. पाळणा बराच वेळ झुलतो. बिडाच्या कड्या करकरतात. पाळणा लवकर थांबतो. त्या मुलाने यालाच ‘थरथर खाणे’ म्हटले होते. आपल्या भाषेत दुसऱ्याचा अपराध पोटात घालणे असा शब्दप्रयोग आहे. बीड कंप पोटात घालते, असे म्हटले तरी चालेल.

बिडाच्या पोटात काय आहे?

बीड आणि पोलाद ही दोन्ही लोखंड आणि कार्बन यांचीच भावंडे. पोलादात कार्बनचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत, बहुधा एक टक्क्याच्याही आत असते. बिडात ते सर्वसाधारणपणे अडीच ते चार टक्के असते, आणि त्याच्या जोडीला एक ते तीन टक्के सिलिकॉन असते. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सियस तापमान लागते. योग्य प्रमाणात कार्बन मिसळला की ते ११५० अंशांच्या आसपासच वितळते. म्हणून बीड ओतणे सोपे.

पण हा सगळा कार्बन थंड झालेल्या लोखंडात मावत नाही. ओतलेले बीड सावकाश थंड होऊ दिले, तर जादा कार्बन बाहेर पडतो आणि ग्राफाइटच्या रूपाने जागोजाग साचतो. ग्राफाइट म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतला काळा, मऊ, बोटांना गुळगुळीत लागणारा पदार्थ. तो बिडात वाकड्यातिकड्या, पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरतो. असे बीड मोडले की मोडलेली बाजू करडी दिसते, म्हणून त्याला करडे बीड म्हणतात. वजनाने पाहिले तर हा कार्बन तीन-साडेतीन टक्केच असतो, पण ग्राफाइट लोखंडाहून फारच हलके असल्यामुळे तो साधारण दहाव्या हिश्शाइतकी जागा व्यापतो. म्हणजे बिडाचा घट्ट दिसणारा ठोकळा आतून मऊ पापुद्र्यांनी भरलेला असतो.

आता बिडाचा दोष आणि त्याचा गुण एकाच ठिकाणी कसे असतात ते पाहा. बीड ओढले तर प्रत्येक पापुद्रा आतली चीर असल्यासारखा वागतो. त्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तिथून ते तुटते. ठिसूळपणा तो हाच. पण थरथर जेव्हा बिडातून जाऊ लागते, तेव्हा तिला त्याच पापुद्र्यांतून वाट काढावी लागते. ग्राफाइटचे थर एकमेकांवर किंचित सरकतात, त्यांच्या कडेचे लोखंड थोडेसे दबते आणि सुटते, आणि प्रत्येक वेळी थरथरीची थोडी शक्ती उष्णता होऊन संपते. हजारो पापुद्रे मिळून तिचा निकाल लावतात. बारीक पापुद्र्यांच्या बिडात कंप शोषण्याची ताकद पोलादाच्या सुमारे पाच ते पंचवीस पट भरते, आणि जाड पापुद्र्यांच्या बिडात त्याहूनही पुष्कळ अधिक.

करड्या बिडासाठी आपल्या देशात भारतीय मानक क्रमांक २१० आहे. त्यात एफ.जी. १५० पासून एफ.जी. ४०० पर्यंत प्रती आहेत. आकडा जितका मोठा तितके बीड ओढीला बळकट. मात्र बळ वाढवायचे तर पापुद्रे बारीक आणि कमी करावे लागतात, आणि तसे केले की कंप शोषण्याचा गुण घटतो. दोन्ही गोष्टी एकदम पदरात पडत नाहीत. कोणत्या कामाला काय हवे हे ठरवून निवड करावी लागते.

साकीनाक्याच्या गाळ्यात

ही माहिती मी पुढे पुस्तकांतून गोळा केली. पण पुस्तके उघडायला मला भाग पाडले ते त्या मुलाच्या वडिलांनी.

मुलगा दहावीच्या सराव परीक्षेला बसला नाही, म्हणून चौकशी करायला मी त्यांच्या गाळ्यावर गेलो. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली तीन यंत्रे होती: एक जुना लेथ आणि दोन पॉवर प्रेस. वडील एका प्रेसवर बसून पत्र्याच्या चकत्या पाडीत होते. मी दोनदा “चाचा” म्हणून हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. मला आठवले की, पालकसभेतही मी हळू आवाजात काही विचारले असता ते गप्प राहिले होते, आणि नंतर एकदम मोठ्याने बोलले होते. तेव्हा मी त्यांना उद्धट ठरवून मोकळा झालो होतो. मुलाने जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते उठले आणि हसून ओरडूनच म्हणाले, “सर, माफ करा. प्रेसनं कान खाल्ले माझे.”

मग चहा आला. मी मुलाला विचारले, “त्या दिवशी तू थरथर खातं म्हणालास ते कशावरून?” तो काही बोलला नाही. वडिलांनी मला लेथपाशी नेले. दंडगोल आकाराचे दोन जॉब माझ्या हातात दिले आणि बोट फिरवून पाहायला सांगितले. एक आरशासारखा गुळगुळीत होता. दुसऱ्यावर वाळूत वाऱ्याने उठवाव्यात तशा बारीक लाटा होत्या.

“टूल थरथरलं की अशा लाटा येतात,” ते म्हणाले. “ह्याला चॅटर म्हणतात. एकदा लाट पडली की पुढच्या फेऱ्याला टूल तिच्यावरूनच जातं, मग आणखी थरथरतं. वाढतच जातं. बेड बिडाचा नि वजनदार असेल तर तो ती थरथर पिऊन टाकतो. ह्या पोराला मी सहावीत असताना दाखवलं होतं.”

सहावीतल्या मुलाने जे हाताने अनुभवले होते, ते बी.एड. झालेल्या शिक्षकाने नववीच्या वर्गात हसण्यावारी नेले होते. मी तिथेच त्या मुलाची माफी मागितली. तो लाजला आणि लेथवरचा बुरादा झाडू लागला.

लेथच्या बेडचे काम त्या दिवशी मी प्रथमच नीट पाहिले. बीड हे ओढीला कच्चे असले तरी दाबाला पक्के असते. ओढ जितकी सोसते त्याच्या तिप्पट-चौपट दाब ते सोसते. यंत्राच्या बुडाला तर दाबच सोसायचा असतो. त्याच जाडीचे पोलाद जेवढे वाकेल त्यापेक्षा बीड अधिक वाकते, म्हणून बेड जाड करतात आणि आत आडव्या फासळ्या घालतात. शिवणयंत्राचे जुन्या पद्धतीचे अंग, पिठाच्या गिरणीचा सांगाडा, मोटारगाडीच्या ब्रेकची तबकडी ही सगळी बिडाचीच मंडळी. जिथे काही फिरते, आपटते किंवा घासते आणि तरी शांतपणे काम व्हावे असे वाटते, तिथे बीड बसलेले आढळते.

आच आणि सबुरी

आता विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट सांगतो. मिश्रण तेच असले तरी ते कसे तापवले आणि कसे निववले यावर धातूचा स्वभाव ठरतो. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो, म्हणजे लाल तापवून झटकन पाण्यात बुडवतो, तेव्हा धार कडक होते. बिडाचे तंत्र बरेचसे याच्या उलट आहे.

पहिली गोष्ट, ओतलेले बीड घाईने थंड केले तर कार्बनला ग्राफाइट होऊन वेगळे व्हायला सवड मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावून अतिशय कडक संयुग तयार करतो. असे बीड मोडले की पांढरे दिसते. पांढऱ्या बिडात पापुद्रे नाहीत, म्हणून ते थरथर खाऊ शकत नाही. त्याची कंप शोषण्याची ताकद पोलादाहून फारशी निराळी नसते, आणि ते करड्या बिडापेक्षाही ठिसूळ असते. हेच पांढरे बीड भट्टीत नऊशे अंशांच्या वर कित्येक तास ठेवून सावकाश निववले, तर अडकलेला कार्बन सुटून ग्राफाइटचे गुच्छ बनतो आणि बीड मऊ व चिवट होते. बीड तापवून मऊ करण्याच्या या विद्येवर रेओम्युर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२२ सालीच ग्रंथ लिहिला होता.

दुसरी गोष्ट लेथच्या बेडची. ओतीव बेडचे पातळ भाग आधी थंड होतात, जाड भाग मागाहून. त्या ओढाताणीत आत ताण कोंडून राहतात. वरून काही दिसत नाही. पण बेड रंधून, घासून सरळ केल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तो आपोआप किंचित वाकतो आणि यंत्राचा नेमकेपणा जातो. म्हणून जुने कारखानदार ओतलेले बेड अंगणात उन्हापावसात महिनेच्या महिने टाकून ठेवीत आणि मगच कामाला घेत. भट्टीत पाचशे ते सहाशे अंशांपर्यंत हळूहळू तापवून, तिथे काही तास ठेवून, भट्टीतच सावकाश निवू दिले की तेच काम थोड्या वेळात होते. याला कारखान्यात स्ट्रेस रिलिव्हिंग म्हणतात. दोन्ही रीतींत सबुरी लागतेच.

तिसरी गोष्ट अशी की, ग्राफाइटचा आकारही बदलता येतो. वितळलेल्या बिडात अगदी थोडे मॅग्नेशियम घातले तर पापुद्र्यांऐवजी गोळ्या तयार होतात. हा शोध १९४८ साली जगापुढे आला. कारखान्यांतून त्याला एस.जी. आयर्न म्हणतात. गोळ्यांना टोके नसल्यामुळे ताण एकवटत नाही, आणि हे बीड न तुटता वाकू शकते. पण त्यावर टोला मारा, ते वाजते! पापुद्रे गेले, त्यांच्याबरोबर कंप शोषण्याचा गुणही बराचसा गेला. ओतकामाचे जाणते कारागीर नगावर हातोडी मारून नुसत्या नादावरून आत पापुद्रे आहेत की गोळ्या, याचा अंदाज बांधतात.

बिडापलीकडची घराणी

ग्राफाइटशिवाय कंप शोषणारी लोहमिश्रणेही शास्त्रज्ञांनी घडवली आहेत. लोखंडात सुमारे बारा टक्के क्रोमियम घातलेले मिश्रण घ्या. लोखंडाच्या आत चुंबकत्वाचे छोटे छोटे मोहल्ले असतात. प्रत्येक मोहल्ल्यात चुंबकत्वाची दिशा एक. थरथर आली की या मोहल्ल्यांच्या सीमा पुढेमागे सरकतात, आणि त्या सरकण्यात तिची शक्ती खर्च होते. सीमा मोकळेपणाने सरकाव्यात म्हणून हे मिश्रण हजार अंशांच्या आसपास तापवून सावकाश निववावे लागते. ते थंडपणी ठोकले किंवा वाकवले तर आत गुंतागुंत होऊन सीमा अडकतात आणि गुण घटतो. पुन्हा तापवून निववले की परत येतो. यात मोहल्ल्यांचाच हात आहे हे कसे कळते? जोरदार चुंबकात हे मिश्रण धरले की सगळे मोहल्ले एकाच दिशेला वळतात, सरकायला सीमाच उरत नाहीत, आणि कंप शोषणे जवळजवळ थांबते. वीजनिर्मितीच्या वाफेच्या टर्बाइनची पाती बारा-तेरा टक्के क्रोमियमच्या पोलादाची करतात, त्यात हा गुणही उपयोगी पडतो.

लोखंड आणि मँगेनीज यांचे आणखी एक घराणे आहे. त्यातील स्फटिकांची रचना ताणाखाली बदलते आणि उलट ताणाखाली पूर्ववत होते. जपानमध्ये भूकंप हा नित्याचा पाहुणा. तेथील नागोया शहरात २०१५ साली पूर्ण झालेल्या जेपी टॉवर या उंच इमारतीत अशा मिश्रणाचे हादरे शोषणारे भाग बसवलेले आहेत.

इतक्या दूर जायलाही नको. साकीनाक्यावर आज मान वर केली तर मेट्रो दिसते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. तिचे रूळ पोलादाचे, म्हणजे आपल्या शाळेच्या घंटेचे भाऊबंद! पोलादाला कंप पोटात घालता येत नाही, म्हणून रुळाखाली लवचिक गाद्या द्याव्या लागतात. धातूला जे जमत नाही ते शेजाऱ्याकडून करवून घेतले जाते.

एका शिक्षकाची आठवण

बिडाचा विषय निघाला आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव निघाले नाही, असे मराठी माणसाच्या बाबतीत होणे कठीण. त्यांचा जन्म १८६९ चा. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईत जे.जे. कला विद्यालयात आले. पण आपल्याला रंगांतला फरक नीट कळत नाही, आपण रंगांध आहोत, असे त्यांच्या लक्षात आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला यापेक्षा मोठा दोष कोणता? त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक ड्रॉइंग धरले, कारण त्यात रेषा लागते, रंग लागत नाही. मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. पुढे नोकरी सोडून ते लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमिनीला विष बाधेल, या समजुतीने शेतकरी सुरुवातीला तो नांगर घेईनात. तरी नेट धरून १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्याच घराण्याचा म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना १९४१ साली हरिहर येथे निघाला आणि पुढे लेथसाठी नावारूपाला आला. ओतकामाची विद्या दक्षिण महाराष्ट्रात चांगलीच रुजली. कोल्हापूर-शिरोली भागातल्या फाउंड्र्यांतून आजही देशभरच्या यंत्रांचे आणि मोटारींचे बिडाचे नग जातात.

रंगांधळेपणावरून त्या तरुणाला कोणी ‘निकामी’ ठरवले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मी अलीकडे माझ्या इतिहासाच्या तासाला विचारू लागलो आहे.

कान मात्र परत येत नाहीत

आता पालकांशी दोन शब्द. बीड कंप खाते हे खरे, पण सगळा आवाज खात नाही. प्रेसचा सांगाडा बिडाचा असला तरी डाय आणि पत्रा एकमेकांवर आदळतात तेव्हाचा तडाखा थेट हवेतून कानात जातो. आपल्या देशातल्या कारखान्यांविषयीच्या नियमांत आठ तासांच्या कामाला नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. लहान गाळ्यात पत्र्याचे छप्पर, बंद दार आणि दोन-तीन यंत्रे मिळून काय होत असेल, याची कल्पना आपण स्वतःच करा.

आपल्या आतल्या कानात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. दीर्घकाळच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. बिघडलेले बीड वितळवून पुन्हा ओतता येते. कानाला ती सोय नाही. आधी जातात ते बारीक, उंच स्वर. म्हणून माणसाला बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात आणि शब्द कळत नाहीत. लहान मुलांचे बोलणे तर आधीच हरवते. घरचे म्हणतात, “ह्यांना हवं तेवढंच ऐकू येतं.” शिक्षक म्हणतात, “पालक उद्धट आहे.” मी म्हटलेच होते.

उपाय फार महाग नाहीत. प्रेसच्या पायाखाली जाड रबराच्या गाद्या घालाव्यात, म्हणजे कंप जमिनीतून शेजारच्या गाळ्यात जाणार नाही. यंत्राचे बोल्ट वेळच्या वेळी आवळावेत. सैल भाग फुकट वाजतो. पडणाऱ्या चकत्या पत्र्याच्या डब्यात न पडता रबरावर पडाव्यात. आणि कानात बोळे किंवा वर आच्छादन घालावे. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. कापसाचा साधा बोळा पुरत नाही; त्यासाठी बनवलेलेच घ्यावेत. मुलगा गाळ्यावर हाताखाली उभा राहत असेल तर त्याच्या कानांची काळजी आधी घ्यावी. त्याला ते पुढे पन्नास-साठ वर्षे वापरायचे आहेत.

शेवटी

तो मुलगा त्या वर्षी दहावीला बसला नाही. पुढच्या वर्षी बसला आणि मध्यम गुणांनी पास झाला. मराठीत त्याला माझ्याच विषयात सर्वांत कमी गुण पडले, हेही सांगून टाकतो. नंतर मुलुंडच्या आय.टी.आय.मध्ये टर्नरच्या कोर्सला गेला. मध्यंतरी शाळेत येऊन गेला तेव्हा त्याने वडिलांसाठी कानावरची आच्छादने आणल्याचे सांगितले. “वापरतात का?” मी विचारले. “मी समोर असलो की वापरतात,” तो म्हणाला.

विद्यार्थी मित्रांनो, घरी, गाळ्यावर, दुकानात तुम्ही हातांनी जे शिकता ते वर्गात सांगायला लाजू नका. तुमच्याजवळ पुस्तकातला शब्द नसेल, अवमंदनाला तुम्ही ‘थरथर खाणे’ म्हणाल. शब्द आम्ही देऊ, तेच आमचे काम आहे. आणि शिक्षक बंधु-भगिनींनो, शेवटच्या बाकावरून एखादे विचित्र उत्तर आले, तर हसण्यापूर्वी एवढे विचारूया की, “हे तू कुठे पाहिलेस?” मी त्या दिवशी हा प्रश्न विचारला असता, तर एका मुलाचा हात वर्षभर खाली राहिला नसता.